पाथरखेडीचा नकाशा

ऑगस्टचा तिसरा आठवडा होता आणि पाऊस चार-पाच दिवसांपासून थांबायचं नाव घेत नव्हता. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आपल्या लहानशा घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मयुरी थूल बसली होती, आणि समोरच्या पडद्यावर तिचं माहेर बुडत होतं.

मयुरी वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडीचं काम करायची. विषय पाण्याचाच. वर्धा नदी आणि तिला येऊन मिळणाऱ्या लहान नद्या यांचं एक मॉडेल तिनं संगणकावर उभं केलं होतं. त्यासाठी तिला कुठल्या कचेरीत खेटे घालावे लागले नव्हते. उपग्रहानं मोजलेली जमिनीची उंची, मातीचे नकाशे, पावसाचा अंदाज, धरणांची रोजची पातळी, हे सगळं आता कोणालाही इंटरनेटवरून फुकट घेता येतं. ते एकावर एक रचायचं, वरून पाऊस पाडायचा आणि पाणी कुठून निघून कुठं जातं ते बघायचं. मागच्या दोन पावसाळ्यांत तिच्या मॉडेलनं सांगितलेलं आणि नदीनं प्रत्यक्ष केलेलं बरंचसं जुळलं होतं. तिच्या मार्गदर्शकांनी त्याचं कौतुक केलं होतं, आणि खोटं कशाला, तिलाही त्याचा थोडा अभिमान होता.

पाथरखेडी देवळीच्या पुढं, वाकडी नावाच्या लहान नदीच्या काठावर वसलेलं. एरवी वाकडी उन्हाळ्यात गुडघाभर उरते. पण वर्धा नदी फुगली की वाकडीचं पाणी पुढं जायला जागा उरत नाही, ते मागं सरतं आणि गावात शिरतं. आज सकाळच्या अंदाजात वरच्या भागात अतिवृष्टी होती. काळी जमीन आधीच पिऊन तट्ट झालेली. मयुरीनं मॉडेल चालवलं आणि गावाचा खालचा अर्धा भाग निळा झाला. त्यात तिच्या आईचं घर होतं. बुद्धविहार होतं. सरपंचाचा गोठा होता. निळ्याच्या वर, उत्तरेला, टेकाडावरची जिल्हा परिषदेची शाळा तेवढी कोरडी राहत होती.

तिनं आईला फोन लावला.

"आई, लोकायले घेऊन शाळेत जा. आत्ताच्या आत्ता. संध्याकायपर्यंत पाणी घरात येईन."

कमलाबाई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. नवरा गेल्यापासून लेकीचा शब्द हाच त्यांचा आधार होता. "कैलासले बी सांग," एवढंच त्या म्हणाल्या. "माह्यं एकटीचं कोन आयकते?"

कैलास म्हणजे गावचा सरपंच, मयुरीपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, शाळेत तिच्या पुढं होता. मयुरीनं त्याला नकाशा पाठवला. शाळेभोवती हिरवा गोल काढला आणि खाली लिहिलं, "सुरक्षित जागा." कैलासनं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. तरीही लोक हलेनात. शेवटी वासुदेवराव गुरुजी उठले. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी मुळाक्षरं शिकवली होती, मयुरीलाही. ते दारोदार गेले आणि म्हणाले, "माह्या हातची पोरगी हाये. तिनं हिशोब करून सांगतलं. चाला." त्यांनी स्वतःच्या बायकोला, जयवंताबाईंना, बाजेवर घालून चौघांच्या खांद्यावरून शाळेत नेलं. जयवंताबाईंचं डावं अंग लकव्यानं गेलेलं होतं. त्या निघाल्या म्हटल्यावर बाकीच्यांना घरी बसून राहायला तोंड उरलं नाही.

दुपारी मयुरीच्या जिवाला थोडी स्वस्थता आली. तिचा नवरा अश्विन पंचायत समितीत नोकरीला होता. पावसामुळं तो लवकर घरी आला होता. दोघं जेवायला बसणार, इतक्यात कैलासचा व्हिडिओ आला.

शाळेच्या व्हरांड्यात लोक पंगतीनं बसून खिचडी खात होते. पोट्टे चिखलात धावत होते. कमलाबाई डोक्यावर पदर घेऊन वाढत होत्या. कैलासचा आवाज येत होता, "पाहा मयुरीताई, सारे सुखरूप." मयुरी हसली. मग तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा लावला आणि मधेच थांबवला.

"अश्विन, हे शाळेच्या मागं काय हाये?"

शाळेच्या मैदानाच्या टोकाशी, जिथं तिच्या आठवणीत नदीपर्यंत उतरत गेलेली वावरं होती, तिथं आता लालसर मुरमाचा एक आडवा उंच चढ दिसत होता. सरळ रेषेत, चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शाळेचं छपरही त्याच्यापुढं ठेंगणं वाटत होतं.

अश्विननं वाकून पाहिलं. "नव्या रस्त्याचा भराव व्हय न तो. याच उन्हाळ्यात पूर्ण झाला. डांबर व्हायचं हाये अजून."

मयुरीनं थांबवलेलं चित्र मोठं करून पाहिलं.

रस्ता होणार हे तिला माहीत होतं. वडील गेले तेव्हा ती शेवटची गावी गेली होती, आणि तेव्हा वावरांत नुसत्या चुन्याच्या खुणा होत्या. त्यानंतर आईच महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडं यायची. तिच्या डोक्यात तो रस्ता अजूनही चुन्याचाच होता. आणि मॉडेलच्या डोक्यात तर तेवढाही नव्हता. तिनं वापरलेली जमिनीची उंची वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अवकाशातून मोजलेली होती. त्या जमिनीवर उत्तरेकडच्या माळाचं आणि तिथल्या तलावाच्या सांडव्याचं पाणी शाळेजवळून पसरत, वीतभर खोलीनं, सावकाश नदीकडं उतरून जात होतं. आज त्या पाण्याच्या वाटेत दोन पुरुष उंचीची भिंत उभी होती. शाळा त्या भिंतीच्या वरच्या अंगाला होती.

सगळं गाव नदीकडं डोळे लावून बसलं होतं. पाणी पाठीमागून येणार होतं.

"जेवून घे," अश्विन म्हणाला.

ती आधीच लॅपटॉपपाशी पोचली होती. भरावाची उंची तिनं व्हिडिओवरून अंदाजानं धरली, शाळेच्या दारावरून मोजून. खालून पाणी जायला किती मोऱ्या ठेवल्या आहेत, किती रुंद आहेत, काहीच ठाऊक नव्हतं. तिनं दोन धरल्या. मॉडेल चालायला लागलं. एरवी ती या वेळात चहा करायची. आज ती पडद्यासमोरून हलली नाही. हिरवा गोल तिनं सकाळी जिथं काढला होता, नेमका तिथं निळा रंग उमटला, मग गडद झाला, आणि गडद होतच गेला. शाळेच्या खिडक्यांच्या वर.

"मी त्यायले तिथं पाठवलं," ती म्हणाली. "घरी असते तर निदान छपरावर चढले असते. मी त्यायले खड्ड्यात नेऊन बसवलं अश्विन."

तिनं कैलासला फोन लावला. लागला नाही. आईला लावला. लागला नाही. गुरुजींना, विहाराच्या अध्यक्षांना, ज्याचा ज्याचा नंबर होता त्याला लावला. गावचा टॉवर बंद पडला होता. आपत्ती नियंत्रण कक्षातला फोन लगेच उचलला गेला. तिथल्या माणसानं तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, गावाचं नाव पुन्हा विचारलं, आणि बोटी हिंगणघाटकडं गेल्या आहेत, परतल्या की पाठवतो, असं सांगितलं. त्याच्या आवाजावरून कळत होतं की त्याच्याकडं असे फोन सकाळपासून येत आहेत.

अश्विननं कारची चावी उचलली.

देवळीपर्यंत रस्ता बरा होता. बसस्थानकावर बस अडकून पडल्या होत्या आणि दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं पाणी बघत उभी होती. देवळीच्या पुढं मात्र पाथरखेडीकडं वळणाऱ्या रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, गढूळ पाणी उड्या मारत जात होतं. रपटा कुठं आहे ते फक्त कठड्यांच्या टोकांवरून कळत होतं.

"इथून नाई जमत," अश्विन म्हणाला.

"भरावावरून," मयुरी म्हणाली. "तो रस्ता इकडूनच जाते न कुठून तरी?"

पुढं कामाचे बॅरिकेड लावलेले होते. अश्विननं उतरून ते बाजूला केले आणि गाडी भरावावर चढवली. ओल्या मुरमावर चाकं घसरत होती. दोन्हीकडं खाली कपाशी आणि सोयाबीन, आणि मधेमधे चकाकणारं पाणी. मयुरी फक्त डाव्या बाजूला, माळाच्या अंगाला बघत होती. एका ठिकाणी मोरी दिसली. तिच्या तोंडाशी वाळक्या कपाशीच्या काड्या, प्लास्टिक आणि गाळ यांचा बोळा बसला होता आणि भोवती पाणी गोल फिरत होतं. पुढं आणखी एक मोरी दिसली. तिचं नुसतं वरचं काँक्रीट दिसत होतं.

"दोनच असतीन," ती स्वतःशीच म्हणाली. तिला वाटत होतं की आपला अंदाज चुकावा. कधी नव्हे ते तिला मनापासून वाटत होतं की आपलं गणित साफ चुकावं.

मग गाडी फसली. ते उतरले आणि पळायला लागले.

शाळा दिसली तेव्हा मयुरी भरावाच्या कडेवर थबकली. खाली मैदानात चिखल होता, पण पाणी नव्हतं. पोट्टे वर्गाच्या दारात गोट्या खेळत होते. चुलीचा धूर निघत होता. बायका व्हरांड्यात गप्पा मारत होत्या. कुणीतरी वर पाहिलं आणि हात हलवला. भरावाखालून गावातून शाळेकडं यायला एक बोगदा ठेवला होता. गावाकडं उतरणारा तो बोगदा खालच्या तोंडाशी काठोकाठ भरला होता, तिकडून पाणी निघून जायची वाटही बंद होती. म्हणजे खाली गाव गेलंच होतं. गावाबद्दलचं सकाळचं तिचं म्हणणं तंतोतंत खरं झालं होतं, आणि म्हणूनच आता तिचं ऐकायला कुणी तयार होणार नव्हतं.

ती बसून घसरत खाली उतरली. कमलाबाई धावत आल्या. "अव माय, तू काऊन आली एवढ्या पाण्यात?"

"आई, सगळ्यायले वर चढव. भरावावर. आत्ता."

कैलास आला. त्याच्या मागून दहा-बारा माणसं आली. मयुरीनं धापा टाकत सांगितलं. माळाचं पाणी, तलावाचा सांडवा, भराव, तुंबलेल्या मोऱ्या. सांगता सांगता तिलाच ऐकू येत होतं की हे किती पाठ केल्यासारखं वाटतंय.

"ताई," कैलास हळूच म्हणाला, "सकायी तूच सांगतलं न शाळेत जा म्हनून? ग्रुपवर नकाशा हाये तुहा. हिरवा गोल हाये."

"तो चुकीचा हाये."

"गावचं तर सारं बरोबर निघालं."

"गावचं बरोबर हाये. शाळेचं चुकलं. हा भराव माह्या नकाशात नव्हता कैलासभाऊ. मी पाह्यलाच नव्हता. मी चुकली."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागून एक बाई म्हणाली, "लेकरं आत्ता कुठं कोरडी झाली. वरी ना छप्पर ना आडोसा. पुन्हा काऊन भिजवायचं?" दुसरी म्हणाली की बकऱ्या मागं बांधल्या आहेत, त्या या चढावर कशा नेणार. कैलास मान खाली घालून उभा होता. तीनशे माणसांना पावसात उघड्यावर काढायचं, तिथं कुणाला काही झालं तर जबाबदार कोण, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वासुदेवराव गुरुजी व्हरांड्यातून उतरून आले. चष्म्यावर थेंब जमले होते. "मयुरी," ते म्हणाले, "किती खात्री हाये तुले?"

"खात्री नाई गुरुजी," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "सकायी खात्री होती. आता मले नुसतं भेव वाटून राह्यलं."

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मयुरीला वाटलं, आपण इथं उभ्या आहोत, बोलतो आहोत, आणि तिकडं माळावर पाणी मॉडेलमधल्यासारखं एकेक चौकोन भरत पुढं सरकतंय.

कमलाबाई व्हरांड्यात गेल्या. त्यांनी आपलं गाठोडं उचललं, शेजारच्या बाईचं तान्हं पोर घेतलं आणि भरावाकडं चालायला लागल्या. त्या तान्ह्याची आई साहजिकच मागं धावली. तिच्या मागं तिची सासू गेली. चढावर कमलाबाईंचा पाय घसरला तशी खालून दोघं पोरं आधार द्यायला पळाली. मग कैलासनं मान वर केली आणि ओरडला, "चाला रे, समदे वर. पोट्टे आधी. दोर आना."

बैलांचे कासरे, विहिरीचे दोर, जे मिळेल ते एकमेकाला बांधून अश्विननं वर पडून असलेल्या मोरीच्या सिमेंटच्या पाइपाला अडकवलं. माणसं दोर धरून चढायला लागली. मुरूम निसटत होता. म्हातारे चार पायांवर चढत होते. बरेच जण चढताना पुटपुटत होते, आणि त्यातलं काही मयुरीला ऐकू येत होतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा शाळेच्या फाटकाकडं बघत होती.

आणि एकदा तिनं पाहिलं तेव्हा फाटकाखालून पाणी आत येत होतं.

लाट नव्हती, आवाज नव्हता. तपकिरी पाण्याचा एक पदर, कडेला फेस आणि वाळलेली पानं, चुलीकडं निवांत सरकत होता. मयुरी फाटकापाशी गेली आणि पत्र्यावरून बाहेर डोकावली. भिंतीच्या या बाजूला पाणी घोट्याइतकं होतं. पलीकडं तिच्या कमरेच्या वर होतं. कपाशीची झाडं नाहीशी झाली होती, नुसते शेंडे हलत होते, आणि लांबवर, माळाच्या पायथ्यापर्यंत, एकच राखाडी पाणी दिसत होतं. दोन्ही टोकांनी भरावाला भिडलेली शाळेची विटांची आवारभिंत ते सगळं एकटी पेलून धरत होती.

"कोन राह्यलं अजून?" ती ओरडली. "आत कोन राह्यलं?"

आत गुरुजी राहिले होते. पहिलीच्या वर्गात, बाजेजवळ, जयवंताबाईंचा हात हातात घेऊन. बहुतेक माणसं वर गेली होती.

"तुमी जा," गुरुजी म्हणाले. "हिले घेऊन तो चढ नाई चढता येत. बाज घसरली तर तिथंच जीव जाईन तिचा. इथं वर्गात टेबल हायेत, टेबलावर ठेवतो."

"गुरुजी, पाणी खिडकीच्या वर जाईन."

"सकायी म्हनाली इथं येनार नाई."

हे ते रागानं बोलले नव्हते. तेच तिला जास्त लागलं. जयवंताबाईंचं तोंड वाकडं झालेलं, बोलणं फुटत नसे. पण त्या मयुरीकडं बघत होत्या, आणि त्या डोळ्यांत काय आहे ते ओळखायला भाषा लागत नव्हती. त्यांना भीती वाटत होती. तितकीच, जितकी मयुरीला वाटत होती.

"मी नाई जात मंग," मयुरी म्हणाली आणि बाजेचा पाय धरून खाली बसली. हे तिनं शौर्यानं केलं नव्हतं. त्या दोघांना तिथं सोडून वर जाऊन उभं राहायची तिची हिंमत नव्हती.

बाहेर काहीतरी मोठ्यानं तडकलं. मग एक लांब, जड आवाज आला, विटांचा ट्रक उलटावा तसा. भिंत गेली होती. पाणी व्हरांड्यावर चढलं आणि उंबरठा ओलांडून वर्गात शिरलं. पाट्या, चपला, खिचडीचं पातेलं, सगळं तरंगत आत आलं.

त्याच पाण्यातून अश्विन आणि कैलास आले. कैलासनं जयवंताबाईंना साडीनं बाजेला बांधलं, छातीवर आणि मांड्यांवर. चौघांनी बाज उचलली. दारातून बाहेर पडल्यावर पाणी मांड्यांना लागलं, मैदानाच्या मधे कमरेला, आणि भरावाच्या पायथ्याशी मयुरीच्या छातीपर्यंत आलं. पाणी ओढत होतं. तिच्या हातातला बाजेचा पाय निसटत होता, ती पुन्हा पकडत होती. तिच्या शेजारून एक बकरी वाहत गेली, ओरडत, डोकं वर काढून, आणि तिच्याकडं बघायला मयुरीला मानही वळवता आली नाही.

वरून दोर आले. पोरांनी ते बाजेला बांधले. वरून तीस-चाळीस माणसं ओढायला लागली, खालून चौघं उचलून धरत होते. मधे एकदा बाज तिरपी झाली आणि जयवंताबाईंच्या तोंडून एक लांब, चमत्कारिक ओरडा निघाला. सगळे थांबले. गुरुजी खालून म्हणाले, "ओढा, ओढा, थांबू नका," आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला.

बाज वर पोचली. त्यानंतर मयुरी वर आली, पण कशी ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. फक्त एवढं आठवत होतं की वर आल्यावर आईनं तिच्या चेहऱ्याला दोन्ही हात लावले आणि मग पदरानं तिचं डोकं पुसायला लागली, जणू ती शाळेतून भिजून आली होती.

खाली शाळेच्या खिडक्या दिसेनाशा झाल्या होत्या. लोक कडेला रांगेनं उभे होते. मघा लेकरं भिजतील म्हणून भांडलेली बाई मयुरीजवळ येऊन उभी राहिली. तिनं आपल्या अंगावरच्या चादरीचं एक टोक मयुरीच्या खांद्यावर टाकलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

अंधार पडायच्या आत भरावावरून नियंत्रण कक्षानं पाठवलेले ट्रॅक्टर आले आणि सगळ्यांना देवळीला नेलं. माणूस एकही गेला नाही. बकऱ्या गेल्या, शाळेतलं धान्य गेलं, खालच्या आळीतली मातीची घरं बसली. कमलाबाईंच्या घराची एक भिंत उरली.

पुढच्या आठवड्यात एका वाहिनीचा माणूस मयुरीच्या घरी आला. फुकटच्या माहितीवर एका पोरीनं गाव वाचवलं, असं त्याला दाखवायचं होतं. मयुरीनं त्याला भरावाची सगळी गोष्ट सांगितली. ती त्याला फारशी कामाची वाटली नाही. तो गेला आणि तिला खरी धडकी त्याच दिवशी भरली, कारण अश्विननं आपल्या मोबाईलवर आलेला एक नकाशा दाखवला. तिचाच. पहिला. हिरव्या गोलाचा. तो पाथरखेडीच्या ग्रुपवरून सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर, तिथून सिंदी, सेलू, कुठं कुठं फिरत होता, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, "यानं गाव वाचवलं. पूर आला की आपापल्या गावच्या शाळेत जावे." तो परत घ्यायची सोय कुठंच नव्हती. तिनं ज्याला त्याला फोन केले, दुरुस्ती लिहून पाठवली. दुरुस्ती कुणी पुढं पाठवली नाही. हिरवा गोल फिरतच राहिला.

पाणी ओसरल्यावर ती गुरुजींना भेटायला गेली. ते मुलाकडं वर्ध्याला राहायला आले होते. त्यांनी चहा दिला, जयवंताबाईंच्या उशाशी बसवलं. निघताना दारात म्हणाले, "तू दुसऱ्यांदा आली, पाण्यात उतरली, ते मी विसरनार नाई. पन सकायचं बी विसरनार नाई. तुह्या नावावर मी लोकायले हलवलं होतं. आता मी कोनाच्या दारी जानार नाई." तिनं मान हलवली. ते बरोबर बोलत होते.

मॉडेल बंद करावं असं तिला अनेकदा वाटलं. महिनाभर तिनं ते उघडलंही नाही. पण बंद केलं तरी तो जुना नकाशा फिरणारच होता, आणि पाऊस पडणारच होता. हिवाळ्यात ती आणि अश्विन सुट्टीच्या दिवशी भरावाच्या कडेनं चालायला लागले. कैलास सोबत यायचा. मोऱ्या मोजल्या, तोंडं साफ आहेत की नाहीत ते पाहिलं, भरावाची उंची मापली आणि सगळं खुल्या नकाशावर चढवलं, कुणालाही घेता येईल असं. एका रस्त्याचं काम झालं. जिल्ह्यात असे किती भराव, किती बंधारे, वावरांत प्लॉट पाडून केलेली किती नवी ले-आउट होती, कोण जाणे.

यंदा जुलैत पावसानं जोर धरला तसा तिचा फोन वाजायला लागला. पहिला फोन सेलूकडच्या एका गावातून, आचल नावाच्या आशा सेविकेचा; तिला नंबर कैलासकडून मिळाला होता. आवाज घाबरलेला होता.

"मॅडम, तुमचा तो नकाशा आमच्याकडं आलता. आमी आता लोकायले शाळेत नेऊ का?"

मयुरीनं पडद्यावर ते गाव उघडलं. शाळा कोरडी दिसत होती, अगदी स्वच्छ, हिरव्यागार चौकोनात.

"आधी मले एक सांग," ती म्हणाली. "दोन-चार वर्षांत तुमच्या गावाभोवती काय काय नवं बांधलं? रस्ता, भिंत, तलाव, काही बी. शाळेच्या गच्चीवर चढ आणि चारही बाजूले पाह्य. मी थांबते."

पलीकडं पावलं वाजली, लोखंडी शिडीचा आवाज आला. मयुरीनं पेन घेतला आणि फोन कानाशी घट्ट धरून ती ऐकत राहिली.